तिने ब्रेकच दाबला होता

आम्ही गाडी घेतली ती माझ्यासाठी नव्हे, बायकोसाठी. ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती आणि तिच्याकडे पेठ रस्त्यावरची वीस-बावीस गावं होती. सकाळी साडेसातला ती पेठ नाक्यावर काळी-पिवळी जीप पकडायची. नऊ जणांच्या जीपमध्ये सोळा-सतरा माणसं, तिच्या मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी कुणाची तरी कोंबडी. फाट्यावर उतरलं की पुढे दोन-तीन किलोमीटर पायी. लग्नानंतरची नऊ वर्षं तिने हे केलं. तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, "आपली गाडी असती तर एका दिवसात तीन गावं झाली असती."

दोन हजार तीन साली आम्ही एक छोटी पांढरी गाडी सेकंडहँड घेतली. ती ड्रायव्हिंग क्लासला गेली, महिन्याभरात शिकली आणि पहिल्याच फेरीत लायसन्स घेऊन आली. क्लासवाल्याने मला मुद्दाम सांगितलं होतं, "वहिनींचा पाय हलका आहे, चांगल्या चालवतात." मी मात्र शेजारच्या सीटवर बसून तिला सारखा शिकवत असायचो. गिअर बदल, आरसा बघ, क्लच सोड. ती सगळं ऐकून घ्यायची.

दोन-तीन महिन्यांत पुढच्या चाकांतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मग ब्रेक दाबला की खरखर. गॅरेजवाल्याने चाक काढून दाखवलं. ब्रेक पॅड पार झिजले होते आणि लोखंडावर लोखंड घासून चाकामागच्या डिस्कला बोटाला लागतील असे चरे पडले होते. "दोन्ही बाजूंचे पॅड आणि डिस्क बदलाव्या लागतील. गाडी ठेवून जा," तो म्हणाला.

मी गाडी ठेवली नाही. मी डिप्लोमा झालेला माणूस. एक्क्याण्णव सालापासून अंबडला एका कारखान्यात मशीन शॉप सांभाळत होतो. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक पकडणाऱ्याने चार बोल्ट खोलायला दुसऱ्याकडे जायचं, हे मला पटेना. सायबर कॅफेत बसून मी माहिती काढली, नऊ पानांचा प्रिंटआउट घेतला आणि लाल पेनाने महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केल्या. त्यातली एक ओळ अशी होती की सगळं बसवून झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, ब्रेकचं पॅडल टणक लागेपर्यंत मारावं, म्हणजे पुन्हा पुन्हा दाबून सोडावं. द्वारका चौकाजवळच्या ज्या दुकानातून मी सामान आणलं, त्या दुकानदारानेही पुडकं हातात देताना हेच सांगितलं. "साहेब, पॅडल मारायला विसरू नका हं."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे कधीच नव्हती.

डिसेंबरातली सुट्टीची सकाळ होती. इंदिरानगरच्या टोकाला आमची बारा फ्लॅटची इमारत. खाली पार्किंग आणि पार्किंगमधून फाटकापर्यंत उतार. उताराच्या वर सपाट जागेवर मी गाडी फाटकाकडे तोंड करून लावली, मागच्या चाकांना दगड लावले आणि जॅक चढवला. फाटकाशी उन्हात दुसऱ्या मजल्यावरचे काका उभे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, चौतीस वर्षं मालगाडीवर गार्ड, त्यातली बरीचशी इगतपुरीला. पत्नी गेल्यापासून मुलाकडे राहायचे. रोज सकाळी फाटकाच्या खांबाला पाठ टेकून ते ऊन खायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे. मला ते "राजा" म्हणायचे.

"काय राजा, आज काय खोललंस?"

"ब्रेक बदलतोय, काका."

"घरीच? लय भारी काम रे."

काम खरंच चांगलं चाललं होतं. ज्या भागात पॅड बसतात तो कॅलिपर मी सोडवला आणि त्याच्या पाइपवर ताण येऊ नये म्हणून तारेने वर टांगून ठेवला. जुनी डिस्क गंजून धरली होती, ती हातोडीने ठोकून काढली. नवीन डिस्कवर तेलाचा थर असतो, तो बायकोने पेट्रोलच्या फडक्याने पुसला. फरशी पुसावी तसा, कडेपर्यंत. नवे पॅड जाड असतात, ते मावावेत म्हणून कॅलिपरमधला पिस्टन क्लॅम्प लावून मागे ढकलावा लागतो. तोही मी हळूहळू, बेताने ढकलला. एक बाजू झाली, मग दुसरी.

तोवर दोन-चार जण जमले होते. तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी आमचीही करून द्या." मी हसलो. चाकं चढवली, नट आळीपाळीने आवळले, जॅक उतरवला, दगड काढले. माझी आठ वर्षांची मुलगी प्रिंटआउटची पानं धरून उभी होती. मी ती तिच्या हातातून घेतली, घडी घातली आणि खिशात टाकली. शेवटचं पान न वाचता.

मग हात धुवायला वर गेलो. कोपरापर्यंत काळा झालो होतो. साबण लावत असताना खालून बायकोची हाक आली, "अहो, यांना स्कूटर काढायची आहे. गाडी आडवी येतेय. जरा पुढे घेऊ का?"

मी बाथरूमच्या खिडकीतून ओरडलो, "घे की! नवे ब्रेक आहेत, बिनधास्त घे!"

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग क्षणभर काहीच नाही. मग धप्प, आणि एका म्हाताऱ्या माणसाची किंकाळी.

मी साबणाच्या हातांनीच जिने उतरलो. गाडी उतारावरून खाली जाऊन फाटकाच्या खांबाला टेकली होती आणि बंपर व खांब यांच्यामध्ये काकांचा डावा पाय होता. बायको गाडीतून उतरून त्यांना दोन्ही हातांनी धरून उभी होती. "गाडी मागे घ्या, आधी गाडी मागे घ्या," सगळे ओरडत होते. मी स्टीअरिंगवर बसलो. चावी फिरवायच्या आधी सवयीने ब्रेकवर पाय ठेवला.

पाय थेट तळाला गेला.

पुन्हा दाबला, थोडा वर लागला. आणखी एकदा. चौथ्या-पाचव्या वेळी पॅडल टणक झालं. मागे ढकललेले पिस्टन पुढे आले होते आणि पॅड डिस्कला जाऊन भिडले होते. जे काम मी अर्ध्या तासापूर्वी करायला हवं होतं ते माझ्या पायाने आता केलं, आणि ते करताना पुरावाही पुसून टाकला. हे सगळं मला त्या चार-पाच सेकंदांत स्वच्छ कळलं.

गाडी मागे घेतली. काकांचा मुलगा आणि स्कूटरवाला त्यांना उचलून एका व्हॅनमधून दवाखान्यात घेऊन गेले. पार्किंगमध्ये उरलेले लोक बायकोभोवती जमले. "मी ब्रेकच दाबला होता," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "एकदाच दाबला आणि जीव खाऊन दाबून धरला. गाडी थांबलीच नाही हो."

तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी गाडीत बसला, पॅडल दाबून पाहिलं. "ब्रेक तर एकदम टणक आहेत," तो म्हणाला. "वहिनी, घाईत ॲक्सिलरेटरवर पाय पडला असेल. नवीन माणसाचं होतं असं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार, मी आता तिच्या बाजूने काहीतरी बोलेन. गाड्यांमधलं कळणारा मीच होतो.

"होतं असं," मी म्हणालो. "शिकताना होतं."

त्या वेळी विचार करायला सवड नव्हती, अशी समजूत मी पुढे बरेच दिवस स्वतःची घालत राहिलो. पण संध्याकाळी सवड होती. दुसऱ्या दिवशी होती. पोलिसांची भीती म्हणावी तर काकांनी तक्रार करायला पहिल्याच दिवशी साफ नकार दिला. मग उरलं काय? एवढंच, की सकाळी ज्यांनी माझं कौतुक केलं होतं त्यांच्यासमोर मला मूर्ख ठरायचं नव्हतं. इतक्या लहान गोष्टीसाठी मी ते केलं.

काकांच्या नडगीत सळई घालावी लागली. दीड महिना ते अंथरुणावर होते, नंतर काठी आली ती कायमची. बायको रोज सकाळी जीप पकडण्याआधी त्यांच्यासाठी गरम डबा घेऊन जायची. सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर असायचो.

"काका, माझं चुकलं," ती दर वेळी म्हणायची.

"जाऊ दे पोरी," ते म्हणायचे. "तू काय मुद्दाम केलंस व्हय? माझ्या मनात काय बी नाय."

मी बाजूला उभा राहून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असे.

सुरुवातीला ती मला रात्री जेवताना सांगायची, "पाय ब्रेकवरच होता, मला आठवतंय." मी "हं" म्हणायचो. पंधरा दिवसांनी ती म्हणायला लागली, "ब्रेकवरच होता असं वाटतंय." आणि महिन्याभराने, काकांच्या सुनेला समजावताना, "घाईत ॲक्सिलरेटर दाबला गेला माझ्याकडून." तिची आठवण माझ्या डोळ्यांदेखत बदलली. तिने स्वतःच्या पायावर विश्वास ठेवायचं सोडलं आणि माझ्या दोन शब्दांवर ठेवला.

मुलीने शाळेत सांगितलं की आईने आजोबांना गाडीने उडवलं. एक दिवस मला म्हणाली, "बाबा, मी मोठी झाले ना, की गाडी नाही शिकणार. मुलींना जमत नाही." मी तिला म्हणालो, असं काही नसतं. एवढंच म्हणालो.

बायकोने गाडीला पुन्हा हात लावला नाही. गाडी मी वापरायला लागलो, अंबडला जायला-यायला. ती पुन्हा जीपच्या गर्दीत. एका पावसाळ्यात सावळघाटात तिची जीप बंद पडली. दुसरी मिळेना, म्हणून ती बरंच अंतर भिजत चालली आणि संध्याकाळी तापाने फणफणून घरी आली. मी पाणी तापवून दिलं, पाय शेकले. ती म्हणाली, "तुम्ही किती करता माझं." तेव्हा सांगावंसं वाटलं. ओठापर्यंत आलंही. मग वाटलं, आज ताप आहे, बरी झाल्यावर सांगू. ती चार दिवसांत बरी झाली.

असं करता करता पाच वर्षं गेली.

तिचा धाकटा भाऊ कळवणला असतो. त्याने तिथे नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचेही पॅड संपले होते. "भाऊजी, तुमच्या देखरेखीखाली मीच बदलतो," तो म्हणाला. त्याच पार्किंगमध्ये, त्याच सपाट जागेवर त्याने गाडी उचलली. मी खुर्ची टाकून बसलो होतो आणि त्याला एकेक सांगत होतो. काम संपलं, त्याने जॅक उतरवला आणि चावी घेऊन दार उघडलं.

"थांब!" मी एकदम उठलो. "आधी पॅडल मार. सात-आठ वेळा. टणक होईपर्यंत हलवू नकोस."

"नाही मारलं तर?"

"तर पहिल्या दाबाला ब्रेक लागणारच नाही. पिस्टन मागे ढकललेला असतो ना. पाय सरळ तळाला जातो. मारत राहिलं की पिस्टन पुढे येतो, मग लागतो."

बोलून झाल्यावर मला ती दिसली. चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ती सावकाश पुढे आली, ट्रे बॉनेटवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता भावाला विचारलं, "म्हणजे ब्रेक दाबून धरला तरी गाडी थांबणार नाही?"

"पहिल्यांदा नाही, ताई. तीन-चारदा सोडून दाबला की मग लागतो."

"आणि नंतर कुणी बसून तपासला तर?"

"तर काय, एकदम ओके वाटणार."

ती वर निघून गेली. मी तिच्या मागोमाग गेलो. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

"तेव्हा तुम्ही पॅडल मारलं होतं?" तिने विचारलं.

"नाही."

"विसरलात?"

"विसरलो."

"कधी लक्षात आलं?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. आत्ता, भावाला सांगताना लक्षात आलं, असं म्हणता आलं असतं. ते मनात येऊनही गेलं, हेही लिहून ठेवतो.

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "गाडी मागे घ्यायला बसलो तेव्हा."

ती रडली नाही, ओरडली नाही. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "चला. काकांना सांगायचंय. मी नाही सांगणार, तुम्ही सांगायचं."

"तुझा भाऊ जाऊ दे, मग..."

"आत्ता."

काका टीव्हीसमोर बसले होते, काठी खुर्चीला टेकवलेली. बायकोने टीव्ही बंद केला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. खिडकीतून काय ओरडलो तेही सांगितलं. संपल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"तपासला नव्हता?"

"नाही."

"इगतपुरीला घाट उतरायच्या आधी ब्रेक तपासल्याबिगर माझी गाडी कधी हलली नाय," ते म्हणाले. "माणूस चुकतो म्हणूनच तपासायचं असतं. चुकला असशील. त्याचं मला काय नाय."

मला वाटलं, संपलं. ते मला माफ करणार. पण ते बायकोकडे वळले. "पोरी, तू रोज माफी मागत होतीस आन् मी रोज देत होतो. मला लय मोठं वाटायचं सवताला. पाय मोडला तरी मनात ठेवलं नाय, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. जे तू केलंच नव्हतंस त्याची माफी देत बसलो मी." त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. तिने ते धरून खाली केले. ती तेव्हा रडली.

आम्ही निघालो तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं काय ते तुम्ही बघा आता."

त्याआधी त्यांनी मला कधी "तुम्ही" म्हटलं नव्हतं. त्यानंतर ते वारले तोवर तीन वर्षं दुसरं काही म्हटलं नाही.

पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा होती. विषय पाण्याची टाकी धुण्याचा. तो संपल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. दोन वाक्यांत सांगायचं ते चार-पाच वाक्यांत सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचा शेजारीच म्हणाला, "जाऊ द्या साहेब, जुनी गोष्ट आहे."

बायको मागच्या रांगेत बसली होती. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "जुनी नाही. मी उद्याही जीपनेच जाणार आहे."

मुलीला वेगळं सांगावं लागलं. ती तेरा वर्षांची होती. ऐकून ती तिच्या खोलीत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बायकोने तिला समजवायचा प्रयत्न केला नाही, आणि मीही तशी अपेक्षा ठेवू शकत नव्हतो.

त्या दिवाळीनंतर बायकोने पुन्हा क्लास लावला. मी म्हणालो होतो, मी बसतो बाजूला. ती नको म्हणाली. पहिले काही दिवस ती परत आली की तिची ओढणी घामाने ओली असायची. मग हळूहळू ती एकटी जाऊ लागली, आधी मखमलाबादपर्यंत, मग पेठ रस्त्याने. गाडीची देखभाल तिने एका गॅरेजवाल्याकडे दिली. तो काय करतो हे ती उभं राहून बघते आणि प्रश्न विचारते. मला विचारत नाही.

साधारण वर्षभराने एकदा माझी सुट्टी होती. ती आपणहून म्हणाली, "यायचं असेल तर या." मी शेजारी बसलो आणि तोंड बंद ठेवलं. घाट ती चांगली चढली. पुढे एका वळणाआधी तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली, पाणी प्यायली आणि समोर बघत बोलली.

"मला राग ब्रेकचा नाही. ते कुणाकडूनही झालं असतं. पण त्या पाच वर्षांत मी ऑफिसच्या रजिस्टरमधल्या बेरजा चार-चारदा करायचे. गॅस बंद केलाय की नाही बघायला फाटकापासून परत यायचे. एखाद्या पोराचं वजन घेतलं तर सेविकेला म्हणायचे, तू बघ गं, मला नीट दिसलं का. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय. मी केलं असं वाटतं एक आणि होतं भलतंच. आणि तुम्ही ते रोज बघत होता."

"हो," मी म्हणालो. "बघत होतो."

तिने बाटलीचं झाकण लावलं, आरशात मागे पाहिलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. अकरा वाजेपर्यंत तिला दोन गावं करायची होती.